सकाळपुरती वाट

बोरखेडे,
सोमवार

प्रिय अभिमन,

फोन सोडून पत्र लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी चार वाक्यं बोलले की "अक्का, मुद्द्यावर ये" म्हणतोस, आणि मुद्द्यावर आले की "हे फोनवर नको" म्हणतोस. पत्राला असं मधेच थांबवता येत नाही. जन्मभर शाळेतल्या फळ्यावर लिहिलंय, त्यामुळे अक्षर अजून बरं आहे. चष्मा लाव आणि वाच. ज्योत्स्नाला वाचायला देऊ नकोस, तूच वाच. तुझी बायको म्हणून ती बिचारी आधीच तुझ्या-माझ्यात सापडलेली असते.

आधी बातमी देते. परवा जळगावला तुझा सत्कार झाला तेव्हा मी सभागृहात होते. मेहरूणच्या बाजूचं ते नवं सभागृह, तिथे मागच्या दाराजवळची खुर्ची धरून बसले होते. तुला दिसले नसणार, कारण तुझ्या तोंडावर दिवे होते आणि माझ्यापुढे फेटेवाल्यांची अख्खी रांग. तू बारीक झालायस. निवृत्त झालेली माणसं सुटतात, तू वाळलास. तुझं भाषण मी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग भरीत-पुरीचं जेवण होतं, वास पार दारापर्यंत येत होता, तरी मी जेवले नाही आणि तुला न भेटता बस धरून परत आले. का, ते सांगणारच आहे, पण क्रमानं. तूच म्हणायचास ना, घटनाक्रम बिघडला की खटला बिघडतो.

माझ्या वावरात केळी कापणीला आली आहे. यंदा घड असे भरलेत की आबा असते तर रोज संध्याकाळी नुसतं बघायला गेले असते. आणि मी ते घड माणसांच्या डोक्यावरून नाल्यातून काढतेय. कापणारे सकाळी येतात, पण गाडी गावोगावचा माल घेत घेत दुपार टळल्यावर पोचते, आणि दुपारी गिरधर वाटेवर साखळी लावतो. अगदी बाराच्या ठोक्याला, मोबाइलमध्ये बघून. साखळीला कुलूप घालतो आणि मला हात जोडून म्हणतो, "अक्का, बारा वाजनात. कोर्टना हुकूम शे." हात जोडतो ना, त्याचाच जास्त संताप येतो. नाल्यातून नेताना घड आपटतात, डाग पडतात, डागी माल व्यापारी बाजूला काढतो. मग संध्याकाळी गिरधर चहाला येतो. हो, येतो, आणि मीही ठेवते चहा, चुलतभाऊ आहे. चहा पिता पिता म्हणतो, "अक्का, इकी टाक ना ते वावर मले. काय ताप करी लेस या वयमा." त्याला माझं वावर विकत हवंय, कळलं ना?

आता तुला ती आखाजी आठवतेय का ते सांग. माझ्या लग्नानंतरची पहिली अक्षय्य तृतीया, मी माहेरी आले होते. झोका बांधलेला, पुरणाचा वास घरभर, आणि आपले आबा आणि गिरधरचे वडील नाना, दोघं भाऊ सकाळपासून एकमेकांना टाळत होते. दुपारी दोघं वावराकडे निघाले तेव्हा आईनं मला आणि तुला पाठोपाठ धाडलं. तू पाचवीत होतास, पाण्याची कळशी तुझ्याकडे होती आणि निम्मी तू चड्डीवर सांडलीस. बांधावर उभं राहून त्यांनी वाटणी केली. ना पंच, ना कागद, दोघांनी पायांनी चालून शीव ठरवली. पुढचं रस्त्यालगतचं वावर नानांना, मागचं बयडीच्या टेकाडाकडचं आबांना. आबा पुढच्या वावराकडे बघत राहिले, कारण मागच्या वावरात जायचं तर नानांच्या वावरातूनच जावं लागणार. नानांनी ते ओळखलं. तुझ्या हातातली कळशी घेतली, वाटेच्या तोंडाशी पाणी सोडलं आणि म्हणाले, "भाऊ, वाट आज बी तुन्ही, सकाय बी तुन्ही." आबांनी मान हलवली. झालं. वाटणी एवढीच. पुढे दोघं असेपर्यंत त्या वाटेवर कुणी ब्र काढला नाही. आबांची बैलगाडी गेली, मग ट्रॅक्टर गेला, रात्री-अपरात्री पाणी धरायला मी स्वतः गेलेय. आज त्या बांधावरची दोन माणसं वर गेली आणि दोन खाली उरली, मी आणि तू. गिरधर त्या दिवशी पाळण्यात होता.

तू शिकलास, धुळ्याला लॉ केलंस, तिथेच काळा कोट घालून कोर्टात उभा राहायला लागलास, मग परीक्षा देऊन न्यायाधीश झालास. पेढे वाटत आबा गावभर फिरले. "मन्हा आंडोर न्यायाधीश व्हयना" एवढं एकच वाक्य त्यांना महिनाभर पुरलं. आपल्याला वाटलं, आता घरातलं माणूस कोर्टात बसलं. घरातलं माणूस घरातून गेलं, हे कळायला वेळ लागला. स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक नाही, म्हणून तू कधी समुद्राच्या कडेला, कधी पार वऱ्हाडापलीकडे. सुनिताच्या लग्नाला आला नाहीस, कारण तिच्या सासऱ्याचा कसला तरी दावा तुझ्या कोर्टात होता. स्वतःच्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला! मी तुझ्या बंगल्यावर पहिल्यांदा आले तेव्हा दारावरच्या शिपायानं नाव आणि काम विचारलं. मी म्हटलं, नाव बेबाबाई, काम साहेबांचे कान ओढायचे. तो हसला नाही, आत विचारायला गेला. वावरातली केळी पाठवली तर तू ती चालकाबरोबर परत पाठवलीस. मी चिडून फोन केला तर म्हणालास, "अक्का, आज बहिणीची केळी घेतली तर शेजारचा उद्या मेहुण्याची बर्फी आणेल." बरोबर होतं तुझं. तुझं सगळं नेहमी बरोबरच असतं, तीच तर पंचाईत आहे.

उगाच चिडतेय असं वाटायला नको म्हणून हेही लिहिते. आबा गेल्यावर मागच्या वावराचा निम्मा हिस्सा तुझा होता. भाऊ बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात, सगळ्या खान्देशात हेच चालतं. तू उलट केलंस. स्वतःहून आलास, अक्काचा माणूस गेलाय, वावर अक्काला राहू दे म्हणालास, सही केलीस आणि चहा न घेता गेलास. गावात कुणाचा विश्वास बसेना. तुझ्यासारखा भाऊ नाही, हे मी आजही कुठेही सांगेन. म्हणूनच इतकी वर्षं तुझ्या वाटेला गेले नाही. नाना वारले, गिरधरनं पहिल्यांदा वाटेत काट्या टाकल्या, आणि मी दावा लावला तेव्हा आपले रोहिदास वकील म्हणाले, बाई, तुमच्या भावाला साक्षीला बोलवा, ते हजर होते. मी म्हटलं, नाही. तो न्यायाधीश माणूस, त्याला बांधाच्या भांडणात ओढायचं नाही. मी एकटी पुरे आहे.

आणि मग जे झालं ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही, कारण "केसबद्दल बोलू नकोस" हा तुझा कायदा. आज सांगतेच. गिरधरच्या वकिलानं मला उलटतपासणीत विचारलं, तुमचे काका नेमकं काय म्हणाले? मला तर हेच हवं होतं. मी उभी राहिले आणि नानांच्याच आवाजात, नानांच्याच शब्दांत सांगितलं, वाट आज बी तुन्ही, सकाय बी तुन्ही. सांगताना डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीतले साहेब कोकणाकडचे, नुकते बदलून आलेले, भला माणूस. त्यांनी टंकलेखकाला मराठीत सांगितलं, "वाट आजही तुमची, सकाळीही तुमची." कागद माझ्यापुढे आला. मी वाचला. अरे, मास्तरीण मी, वाचल्याशिवाय सही करेन का? वाचला आणि मला काहीच वावगं वाटलं नाही. आपण केय म्हणतो, ते केळ लिहितात. आपण डोया म्हणतो, ते डोळा लिहितात. तसं सकायचं त्यांनी सकाळ केलं, शुद्ध करून घेतलं, इतकंच मला वाटलं. य चा ळ केला की कोर्टात चालतं, हे आपल्या हाडीमाशी भिनलंय. मी सही केली.

निकाल आला. काकांनी पुतणीला, म्हणजे मला, सकाळच्या वेळी त्या वाटेनं जाण्यायेण्याची परवानगी दिलेली दिसते, असं वादीच्याच तोंडून आलं आहे. सबब वादीला सूर्योदयापासून दुपारी बारापर्यंत वाट वापरता येईल. 'आजही तुमची' याचं काय केलं म्हणशील, तर 'आज' म्हणजे वाटणीचा दिवस, तो संपला. अभिमन, मी कोर्टाच्या व्हरांड्यात हसत सुटले. रोहिदास वकिलांना वाटलं, बाईंना धक्का बसला. एक माणूस आपल्या सख्ख्या भावाला सांगतो की बाबा, वाट आजही तुझी आणि उद्याही तुझी, आणि कायदा म्हणतो, दुपारपर्यंत. शेतकऱ्यानं काय बारानंतर उडत जायचं? गिरधरनं तर शपथेवर सांगितलं, सकाय म्हणजे सकाळ, दुसरं काही नाही. आणि बाहेर आल्याबरोबर त्याच्या वकिलाला माझ्यादेखत विचारतो, "मंग आते नक्कलनी तारीख सकाय शे का परवा?" मी तिथल्या तिथे ओरडले, ऐका हो, ऐका, हा आत्ता काय म्हणाला! कोण ऐकणार? कोर्ट आत होतं आणि आम्ही बाहेर.

अपिलात जिल्ह्याच्या कोर्टानं म्हटलं, तुम्ही स्वतःच्याच सहीच्या जबानीबाहेर जाऊ शकत नाही. मग वरच्या कोर्टात, खंडपीठात. तोवर तू तिथे न्यायमूर्ती झाला होतास. तुझी शपथ मी मोबाइलवर पाहिली, मान इतकी ताठ की मला आबाच दिसले. तुझ्यापुढे प्रकरण येणार नाही हे ठाऊक होतं, ती अपेक्षाही नव्हती. पण दुसऱ्या साहेबांपुढे लागलं, त्यांनी नाव वाचलं आणि म्हणाले, नॉट बिफोर मी. ते तुझ्याबरोबर एका पीठावर बसत होते. तिसऱ्यांपुढे गेलं, ते तुझे शेजारी, नॉट बिफोर मी. चौथ्यांच्या मुलीच्या लग्नाला तू गेला होतास म्हणे. भाचीच्या लग्नाला नाही, पण चौथ्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलास! तेही म्हणाले, नॉट बिफोर मी. हे तीन इंग्रजी शब्द मला आता झोपेतही येतात. प्रत्येक वेळी फाइल परत खालच्या ढिगात. गावात म्हणायचे, बेबाबाईचं काय, तिचा भाऊच हायकोर्टात. अरे, भाऊ हायकोर्टात आहे म्हणूनच तिला हायकोर्ट नाही, हे कुणाला समजावू? वाटेवरच्या परक्या बाईचं ऐकलं असतं, पण तुझ्या बहिणीचं ऐकायला एक माणूस मिळेना. त्यांतल्या कुणाची चूक नव्हती, हेही मला कळतं. सगळ्यांचे हात स्वच्छ, आणि माझी केळी नाल्यातून.

तू निवृत्त झालास, लांबून कुणी नवे न्यायमूर्ती आले, त्यांनी मात्र एका बैठकीत ऐकलं. त्यांनी विचारलं म्हणे, हा शब्द आहे तरी काय? आणि लिहिलं की या बोलीत 'सकाय' याचा अर्थ सकाळ की उद्या, यावर पुरावाच घेतलेला नाही. शिवाय वाटणीच्या वेळी हजर असलेला वादीचा सख्खा भाऊ हयात असून त्याला का तपासलं नाही, याचा खुलासा वादीनं केलेला नाही. प्रकरण परत तालुक्याच्या कोर्टात, पुरावा घ्या आणि नव्यानं ठरवा. रोहिदास वकिलांनी ते वाचून दाखवलं. जी गोष्ट मी तुझ्यासाठी केली, तीच माझ्यावर उलटली. वकील म्हणाले, बाई, या वेळी भाऊसाहेब आले नाहीत तर कोर्ट समजेल की ते तुमच्या विरुद्ध बोलले असते. मग वाटेचं विसरा, वावराला गिऱ्हाईक शोधा.

म्हणून मी तुला फोन केला. आठवतंय ना, तो फोन? तू पूर्ण ऐकलंस, हे मान्य. मग म्हणालास, अक्का, मी आयुष्यभर त्या खुर्चीत बसलो, आता मी पिंजऱ्यात उभा राहिलो तर समोरच्या तरुण न्यायाधीशावर दडपण येईल. तुझ्या बाजूनं निकाल लागला तरी लोक म्हणतील, न्यायमूर्तींनी लावून घेतला. मी तुला विचारलं, मग माझं काय? तर म्हणालास, भाषेचा तज्ज्ञ आण, एखादा प्राध्यापक, बोलीचा अभ्यासक, त्याची साक्ष घे, ती जास्त वजनदार ठरेल. मी फोन ठेवला ना, तो रागानं ठेवला. आपल्या आईच्या तोंडचा शब्द, आणि तो खरा आहे हे सांगायला पुण्याचा प्राध्यापक? आई रोज संध्याकाळी तुला म्हणायची, "भाऊ, सकाय लवकर उठजो." तिला काय सकाळी सकाळी उठ म्हणायचं होतं? बरं, प्राध्यापक शब्दाचा अर्थ सांगेल, पण बांधावर तो होता का? कळशी त्याच्या हातात होती का? तू दडपणाचं बोललास तेव्हा माझं मन खरंच द्विधा झालं, खोटं कशाला बोलू. चार दिवस मी स्वतःला समजावलं, त्याचं बरोबर आहे, तो नेहमीसारखा बरोबर आहे, वावर देऊन टाकू. गिरधरला निरोप पाठवायच्या बेतात होते.

तेवढ्यात पेपरात सत्काराची बातमी आली. म्हटलं, जाऊन बघून येऊ. भावाला लांबून तरी बघू, आणि मग गिरधरला हो म्हणू. हे एवढंच मनात घेऊन मी आले होते.

आणि तू माइकपुढे उभा राहून मायबोलीवर बोललास. छान बोललास. मग हसत हसत धुळ्याच्या होस्टेलची गोष्ट सांगितलीस. रेक्टर साताऱ्याकडचे, त्यांनी अर्ज मागितला, तू म्हणालास, "सर, सकाय देसू." ते दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून वाट बघत बसले आणि तू गेलास संध्याकाळी. सगळ्यांसमोर तुला बोल लावला आणि पोरांनी तुझं नावच 'सकाय पाटील' पाडलं. ही गोष्ट मला नवी नव्हती. त्या दिवाळीला तू घरी आलास ते शुद्ध बोलतच आलास, आईला 'माय' म्हणायचं थांबवलंस, आणि माझ्याजवळ मोटेच्या थारोळ्यावर बसून रडलास, की हसणारी निम्मी पोरं घरी अहिराणीच बोलणारी होती. रडण्याचं तू परवा सांगितलं नाहीस. हशा पिकवलास. आणि तर्जनी वर करून म्हणालास, "लक्षात ठेवा मंडळी, आमच्या खान्देशात सकाय म्हणजे सकाळ नव्हे, सकाय म्हणजे उद्या! ज्याला हे कळत नाही त्यानं आमचा न्याय करू नये!" काय टाळ्या पडल्या! पहिल्या रांगेतला गिरधर तर उभं राहून टाळ्या वाजवत होता. हो, गिरधर. तुझ्यासाठी हार घेऊन आला होता, तुला घातला, तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास, फोटो निघाला. तो फोटो त्यानं मला पाठवलाय. त्यानं शपथेवर जे खोटं सांगितलं ते तू भरसभेत खोटं पाडलंस आणि त्यानंच टाळ्या वाजवल्या, कारण त्याला ठाऊक आहे की सभागृहात बोललेलं कोर्टात चालत नाही. मलाही ठाऊक आहे. मी उठून बाहेर आले.

अभिमन, मला तुझा इतका राग कधीच आला नव्हता. केळी परत पाठवलीस तेव्हा नाही, लग्नाला आला नाहीस तेव्हाही नाही. आबांच्या दहाव्याला तू पोलिसांच्या गाडीतून आलास आणि पिंडाला कावळा शिवायच्या आत गेलास, तेव्हाही मी लोकांना सांगितलं की त्याचं काम तसं आहे. हजार माणसांपुढे टाळीसाठी तू जे वाक्य बोललास, तेच वाक्य तालुक्याच्या खुर्चीत बसलेल्या एका मुलीपुढे खरेपणासाठी बोलायला तुला जड जातंय, हे मात्र मला गिळता येत नाही. तुझ्यापुढे आजवर किती माणसं त्या पिंजऱ्यात उभी राहिली असतील. कापणी सोडून, हजेरी बुडवून, भीत भीत आली असतील. ईश्वरसाक्ष खरे सांगेन म्हणाली असतील. तू त्यांना कधी म्हणालास का, की तुमचं दडपण येतं, घरी जा? तुला ती शपथ कधी घ्यावी लागली नाही. खुर्चीची शपथ घेतलीस, साक्षीदाराची नाही.

म्हणून मी गिरधरला हो म्हटलं नाही. बस चोपड्याच्या स्टँडवर लागली तशी उतरून थेट रोहिदास वकिलांकडे गेले आणि अर्ज टाकायला लावला. ते कचरत होते, माजी न्यायमूर्तींच्या नावानं साक्षीचं समन्स काढायला कुणी धजणार नाही म्हणाले. आज त्या मुलीपुढे अर्ज गेला. हो, मुलगीच आहे, सुनिताहून लहान असेल, केस घट्ट बांधलेले. तिनं अर्ज वाचला, वकिलांना विचारलं, साक्षीदार घटनेच्या वेळी हजर होता का? वकील म्हणाले, हो. तिनं सही केली आणि पुढचं प्रकरण पुकारलं. मी बघत होते. तिला दडपण-बिडपण काही आलं नाही रे. तेव्हा समन्स निघालं आहे, या आठवड्यात बेलीफ तुझ्या दारात येईल. दारात परका माणूस आणि त्याच्या हातात बहिणीनं काढलेलं समन्स, असं तुला अचानक कळू नये, म्हणून हे पत्र आधी. माझ्या बाजूनं बोल असं मी म्हणत नाही. नाना काय म्हणाले तेवढं सांग, त्यांच्याच शब्दांत सांग, आणि टंकलेखकानं ळ लिहिला तर खोडायला लाव. काम अकराला सुरू होतं, तुझी साक्ष चार वाजेपर्यंत आटपेल. मग घरी ये. दिवस मावळताना आपण दोघं त्या वाटेनं वावरात जाऊ, साखळी असली तर ओलांडून जाऊ, आणि या वेळी कळशी मी धरीन.

तुझीच,
बेबाअक्का